पान दोनशे अकरा, खालून सहावी ओळ

रिव्हर्टन
मंगळवार, १५ मे २०१८

प्रिय एफी,

तुझा डबा गेल्या बुधवारी पोचला. तोच बिस्किटांचा डबा, तीच सुतळी, आणि झाकणाच्या आत चिकटवलेली तीच चिठ्ठी: ‘मत नको. फक्त चुका दाखव.’ सात पुस्तकं झाली, चिठ्ठी बदलली नाही, फक्त कागद पिवळा पडला. मी नेहमीसारखी पेन्सिलीला टोक काढून खिडकीशी बसले आणि पाच दिवसांत चारशे पानं वाचून काढली. एकवीस चुका सापडल्या. वीस ठिकाणी खूण केली आहे. एकविसावी दोनशे अकराव्या पानावर आहे. तिथे मी अजून पेन्सिल टेकवलेली नाही. महिनाअखेरीला बाड प्रकाशकाकडे जाईल असं तू लिहिलं आहेस. म्हणजे माझ्या हातात दोन आठवडे आहेत. ती चूक मी दाखवली नाही तर तशीच छापली जाईल, आणि ती चूक आहे हे सांगणारं माझ्यानंतर कोणी उरणार नाही. तेव्हा दाखवायची की नाही, एवढाच प्रश्न आहे. कालपर्यंत मला तो अवघड वाटत नव्हता.

आधी लहान चुका. पान बारावर तू बकरीला पांढरी केली आहेस. ती तपकिरी होती आणि तिला एकच शिंग होतं. दुसरं तिने आमच्या कोठीच्या दारावर मोडून घेतलं. पान चाळीसवर दीपगृहाच्या मनोऱ्याच्या पायऱ्या एकशे बारा आहेत. त्या एकशे सहा. आपण दोघींनी त्या इतक्या वेळा मोजल्या आहेत की तू मुद्दामच वाढवल्यास असं वाटलं. पण ते म्हणणं म्हणजे मत झालं, म्हणून नुसती खूण केली. पान अठ्ठ्याऐंशीवर करपलेले स्कोन माझ्या आईच्या नावावर घातले आहेस. एफी, माझ्या आईने आयुष्यात एक स्कोन करपवला नाही. ते तुझ्या आईचे. ही खूण मी जरा दाबूनच केली आहे.

इकडे सगळं ठीक. गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारी गप्प बसतो. आमच्या केनची बोट रोज जाते. यंदा कालवं लहान आहेत म्हणतो, पण ते तो दरवर्षीच म्हणतो. शेजारचा हेमी बेटांवरून परतला आणि मीठ लावलेल्या टीटी पक्ष्यांची अर्धी बादली दारात ठेवून गेला. तीन पाण्यांत उकळले तरी घरभर त्यांचा वास आहे. तू नाक मुरडशील म्हणून पाठवत नाही.

फेब्रुवारीत तुझ्यावर प्रबंध लिहिणारी ती मुलगी आली होती, टेगन. तू तिला माझा पत्ता दिलास आणि मला कळवलं नाहीस. पण आली ते बरं झालं. हुशार आहे. बसल्या बसल्या तिने माझे पाच चीज रोल संपवले आणि विचारलं की एफी गिलख्रिस्टच्या लहानपणातलं काय काय तिच्या पुस्तकांत उतरलं आहे. मी तिला सांगितलं ते एवढंच: स्केरी नावाच्या बेटावर दीपगृह होतं. दोन घरं होती. एफीचे वडील मुख्य रखवालदार, माझे वडील दुय्यम. किनारा दोन मैलांवर. मालाची बोट तीन महिन्यांतून एकदा. मधलं टपाल आणि वाचनालयाची पेटी समोरच्या किनाऱ्यावरच्या पास्क नावाच्या शेतकऱ्याकडे यायची आणि हवा चांगली असली की आमच्यापैकी कोणीतरी छोटी होडी घेऊन ती आणायचं. शाळा टपालाने. रोज सकाळी नऊला वारा, समुद्र आणि पारा यांची नोंद वहीत व्हायची आणि एफीचे वडील ती बिनतारी यंत्रावरून कळवायचे. नोंद करायचं काम आम्हा दोघी मुलींचं, आठवड्याची पाळी. वही सरकारी, तिच्यात एकच अक्षर दिसायला हवं, म्हणून आम्ही दोघी तिच्या वडिलांचं तिरकं अक्षर काढायला शिकलो होतो. टेगनने हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, ‘एफीला भाऊ होता ना? बुडाला?’ मी म्हटलं, हो, डूगल, सतरा वर्षांचा. १९५६ साली, नोव्हेंबरात. तिने तेही लिहून घेतलं.

जाताना तिने स्वतःचा सिद्धान्त सांगितला. तुझ्या सातही पुस्तकांत कोणीतरी खोटी नोंद करतं, हे तिने बरोबर हेरलं आहे. पहिल्यातली मास्तरीण हजेरीपटावर न आलेल्या मुलीला हजर दाखवते. दुसऱ्यातली नर्स रुग्णाचा ताप न बघताच तक्त्यावर लिहिते. भरती-ओहोटीचं कोष्टक छापणारा तो म्हातारा, पोस्टातली मिस लॉरी, सगळे तसेच. टेगन म्हणाली, हा सरकारी कागदांवरचा अविश्वास आहे, आपल्या देशाच्या इतिहासातून आलेला. मी तिला सहावा चीज रोल दिला.

तिच्या नजरेतून एक गोष्ट सुटली. तुझी माणसं नुसतं खोटं लिहीत नाहीत. कालचाच आकडा थोडासा हलवून लिहितात. नर्स कालच्या तापात एक दशांश वाढवते. म्हातारा मागच्या वर्षीच्या वेळेत दोन मिनिटं घालतो. ही कला मला ओळखीची आहे. थंडीच्या सकाळी एकशे सहा पायऱ्या चढून बॅरोमीटर बघायला जायचा कंटाळा आला की आपण काय करत होतो? कालचा आकडा घ्यायचा आणि शेवटी एक शतांश इकडे किंवा तिकडे करायचा. तोच आकडा पुन्हा लिहिला तर तुझ्या बाबांना संशय येईल. एक शतांशाने हलवला की तो वाचून आणल्यासारखा दिसतो. हे मी तुला शिकवलं होतं. मी पंधराची, तू बाराची.

आणि वारा. तोही टेगनने पाहिला नाही; ती ऑकलंडची. तीन वर्षांपूर्वी इन्व्हरकार्गिलच्या सभेत तो विंडनचा शेतकरी उठला होता, आठवतं? सभा संपत आली होती आणि तो टोपी हातात धरून म्हणाला, “बाई, तुमच्या पुस्तकातल्या गावात एखादं घर भाड्याने मिळेल का? तिथे दक्षिणेचा वारा येतच नाही. माझ्या बायकोची धुणी वर्षातून चारदा शेजाऱ्याच्या मेंढ्यांवर जातात.” सगळे हसले, तूही हसलीस. मी पहिल्या रांगेत होते. पाणी प्यायला उचललेला पेला तू न पिताच खाली ठेवलास. सात पुस्तकं, सगळी याच किनाऱ्यावरची. वायव्येचा वारा आहे, पूर्वेची झड आहे, आमच्या आळशी समुद्रावरचं धुकंसुद्धा आहे. इथल्या माणसांच्या तोंडी ज्याचं नाव दिवसातून दहादा येतं तो दक्षिणेचा वारा मात्र एकाही पानावर नाही. मी शोधला होता, एफी. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी खास त्यासाठी तिन्ही पुन्हा वाचली होती. त्यात मला गंमत वाटत होती हेही कबूल करते. एखाद्या घरात राहणाऱ्यांनी कुठली खोली कुलूप लावून ठेवली आहे ते शोधावं, तसं. खोलीत काय आहे ते मला ठाऊकच होतं.

ते तूच सांगितलं होतंस. डूगल गेला त्याच्या चौथ्या दिवशी, पास्कच्या घरी, धुण्याच्या खोलीत. आपल्या दोन्ही घरच्या बायकामुलांना किनाऱ्यावर आणलं होतं आणि तू टबच्या काठावर बसली होतीस, अंगात पास्कच्या मुलीचा मोठा स्वेटर. तू म्हणालीस, “मी वर गेलेच नव्हते.” मी काही विचारलं नव्हतं. तूच पुढे सांगितलंस: पाळी तुझी होती, आदल्या दिवशी तीस पूर्णांक दोन शतांश होतं, तू तीस पूर्णांक एक शतांश लिहिलंस, बाबांनी ते वाचलं, पारा स्थिर आहे म्हणाले आणि डूगलला टपाल आणायला जा म्हणून सांगितलं. दुपारी बाबा स्वतः वर गेले तेव्हा पारा एकोणतीसवर आला होता आणि दक्षिणेचा वारा सुटला होता. त्यांनी वही बघितली, तुझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. त्यानंतर त्यांनी ते तोंडातून काढलं नाही. चौकशीच्या कागदावर एकच वाक्य आलं, हवा कोणतीही पूर्वसूचना न देता बदलली. आणि त्या वाक्याने त्यांची नोकरी राहिली. तू मला म्हणालीस, कोणाला सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगणार. ते मी पाळलं. बासष्ट वर्षं मी तुझं गुपित इतकं चोख सांभाळलं आहे की त्याचा मला अभिमान वाटत आला. गुपित सांभाळणाऱ्याकडे स्वतःचं काही असेल अशी शंका कोणाला येत नाही.

आता तुझं आठवं पुस्तक. यात तू पहिल्यांदा बेटावर आलीस. नाव बदललं आहेस, मुलीचं नाव नेल ठेवलं आहेस, पण हे तुझंच कबुलीपत्र आहे. प्रस्तावनेत तर तू स्वतःच्या नावाने लिहिलं आहेस की नेलने केलं ते मी केलं. दोनशे नवव्या पानावर दक्षिणेचा वारा येतो. मी चहा बाजूला ठेवला. आठ पुस्तकांत पहिल्यांदा. दोरीवरच्या चादरी आधी समुद्राकडे फडफडत असतात, मग एकदम लोंबतात, मग डोंगराकडे वळतात. ते अगदी तसंच होतं. तिथे एकही खूण नाही. तो भाग तू लिहिलेल्या सगळ्यात चांगला आहे. हे मत आहे, माफ कर. आणि बाडासोबतच्या पत्रात तू लिहिलं आहेस की हे शेवटचं, डोळे साथ देत नाहीत आणि आता लिहिण्यासारखं काही उरलंही नाही. ‘जे मी केलं ते एकदाचं लिहून झालं,’ असं तुझं वाक्य आहे. ते वाचून मी बराच वेळ बाहेर बघत बसले. हेमी त्याची बादली परत न्यायला आला होता. त्याने काचेवर टकटक केली तेव्हा लक्षात आलं.

तुझ्या डाव्या हाताला, बाडासोबत परत पाठवलेल्या या डब्यात, मासिकाच्या कागदात गुंडाळलेलं एक पुस्तक असेल. ते आता काढ. वाचनालयाचा शिक्का आहे, तारीख ऑक्टोबर १९५६ ची. पानं फुगलेली आहेत, शेवटची सोळा जरा जास्त. ती वाफेवर धरून सोडवावी लागली. ती कादंबरी तुलाही आठवेल. सप्टेंबरच्या पेटीत तिची एक प्रत आली होती, तिची शेवटची सोळा पानं कोणीतरी फाडून नेली होती. ती विधवा त्या बंगल्यात परत जाते की नाही, तिथे येऊन गोष्ट तुटत होती. तू म्हणालीस, आपण आपला शेवट करू, आणि तू तीन शेवट करून दाखवलेस. मला तुझा एकही चालला नाही. मला खरा हवा होता. मी वाचनालयाला लिहून दुसरी प्रत मागवली. नोव्हेंबरात पास्कने बिनतारीवरून कळवलं की पेटी आली आहे. मग आठ दिवस हवा वाईट होती आणि मी आठही दिवस, रोज, डूगलला विचारलं की कधी जाणार. तो मला ‘सोळा पानं’ म्हणायला लागला होता. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर: ‘मीठ दे ग, सोळा पानं.’ तू हसायचीस. माझे कान लाल व्हायचे ते कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा तुझ्या आईच्या आलं असेल.

होडी सापडली नाही, पण पेटी सापडली. सहाव्या दिवशी पास्कच्या खालच्या वाळूवर लागली, दोरीने बांधलेली, तशीच्या तशी. मिसेस पास्कने पुस्तकं चुलीवरच्या दांडीवर वाळत घातली. कपड्यांसारखी, मधोमध उघडून. त्या संध्याकाळी मोठी माणसं बैठकीत होती आणि तू पलीकडच्या खोलीत झोपली होतीस. मी किटली ठेवली आणि वाफेवर ती सोळा पानं एकेक सोडवली आणि वाचली. उभ्यानेच. डूगलला अजून समुद्राने परत दिलं नव्हतं आणि मी ती विधवा बंगल्यात परत जाते का ते वाचत होते. ती जाते. शेवट साधाच होता. तुझ्या तिन्हींपैकी दुसरा त्याहून चांगला होता. ते पुस्तक मी स्वेटरखाली लपवून घेतलं आणि वाचनालयाला परत केलं नाही.

तुझं दुसरं पुस्तक आलं, नर्सचं, तेव्हा ऐंशीव्या पानावर मला कळलं की तू काय करते आहेस. तू तो एक शतांश पुन्हा पुन्हा लिहिते आहेस. वेगळ्या कपड्यांत, वेगळ्या गावांत, पण तोच. त्याच दिवशी मी तुला पत्र लिहिलं होतं. हेच पत्र, फक्त लहान. तेव्हा मी पस्तिशीची होते आणि वळसे घेत नव्हते. ते पाकिटात घातलं आणि दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं की तिसरं सुरू केलं आहेस, भरती-ओहोटी छापणाऱ्या माणसाचं. मी माझं पत्र चुलीत घातलं. भीतीने नव्हे. भीती होती, पण घातलं ते वेगळ्या कारणाने: मला त्या म्हाताऱ्याचं पुढे काय होतं ते हवं होतं. तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू कदाचित लिहायची थांबली असतीस. गोर गावात चांगली नर्स झाली असतीस, शांत झोपली असतीस, लग्न टिकलं असतं. मग तिसऱ्यानंतर चौथं आलं. दर वेळी डबा आला की मी स्वतःला म्हणत असे, एवढं वाचू आणि मग सांगू. पाच वेळा. तू मला कायम तुझी पहिली वाचक म्हणत आलीस, दोन पुस्तकं मला अर्पण केलीस. तुझ्या वाचकाला तुझ्या झोपेपेक्षा पुढचं पान हवं होतं, हे तुला माहीत असायला हवं.

लेखकाच्या आयुष्यातून पुस्तक येतं म्हणतात. टेगन तर त्यावर पदवी घेणार आहे. मी गेले पाच दिवस दुसऱ्याच गोष्टीचा विचार करते आहे. आयुष्यात जे घडलं असं लेखकाला वाटतं, पण तसं घडलं नव्हतं, त्यातून आलेल्या पुस्तकांचं काय? ती खोटी होतात का? मला तसं वाटत नाही. तुझी नर्स खरी आहे. मिस लॉरी तर आमच्या पोस्टातल्या बाईपेक्षा खरी आहे. पण ते ठरवणं माझं काम नाही, मत नको असं झाकणावर लिहिलेलं आहे. माझं काम चुका दाखवण्याचं, आणि या बाडाच्या प्रस्तावनेत तू तुझं नाव घातलं नसतंस तर मी कदाचित याही वेळी गप्प बसले असते. नेल काय करते तो तुझा प्रश्न. एफी गिलख्रिस्टने काय केलं हे मात्र वस्तुस्थितीत येतं.

तेव्हा पान दोनशे अकरा, खालून सहावी ओळ. ‘धक्क्यावर कोणी नव्हतं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.’ दोन वाक्यं, दोन्ही चूक. त्या दिवशी पाळी तुझी होती, पण साडेनऊला मी मनोऱ्यावर गेले होते, कारण आज तरी होडी जाईल का हे मला बघायचं होतं. पारा एकोणतीस पूर्णांक चाळीस शतांशावर होता. मी पळत धक्क्यावर गेले. डूगल कप्पीला ग्रीस लावत होता. मी त्याला खरा आकडा सांगितला. त्याने दक्षिणेकडे बघितलं. आकाश स्वच्छ होतं. तो म्हणाला, “बाबांना सांगितलंस तर ते सोडणार नाहीत. वारा संध्याकाळपर्यंत येत नाही, मी एकला परत येतो.” मग त्याने हात पुसले आणि विचारलं, “काय ग, सोळा पानं, जाऊ की नको?” त्याने ते हसत विचारलं, पण उत्तरासाठी थांबला होता. तू लिहिलेला तो एक शतांश तुझ्या बाबांनी वाचला, चौकशीवाल्यांनी वाचला. ज्याने होडी ढकलली त्याला त्याची गरज पडली नाही, त्याच्याकडे खरा आकडा होता. मी आता ती दोन वाक्यं पेन्सिलीने खोडली आहेत आणि समासात नीट अक्षरात, तुझ्या बाबांच्या नव्हे, माझ्या, दुरुस्ती लिहिली आहे. ती अशी: ‘धक्क्यावर यूना होती. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने तिला विचारलं आणि ती म्हणाली, जा.’

तुझीच,
यूना